अल्पशक्ती आणि अपरिग्रह

अधिक मिळवणे सहज शक्य असताना जाणूनबुजून थोडक्यावर थांबणे याला काही आध्यात्मिक मोल असते, की तो केवळ स्वभावाचा आणि आवडीचा भाग मानावा, हा अपरिग्रहाच्या विचारातील जुना प्रश्न आहे. तो पारखून पाहण्यासाठी हौशी रेडिओच्या क्षेत्रातील ‘क्यूआरपी’ ही प्रथा फार उपयोगी पडते. प्रक्षेपणाची शक्ती कमी करण्याविषयीचा हा बेतार तारायंत्राच्या काळातील संकेत. हौशी रेडिओचालकांनी, म्हणजे ज्यांना जगभर ‘हॅम’ म्हणतात त्यांनी, त्याला जवळजवळ व्रताचे रूप दिले. मोर्स संदेश पाठवताना ट्रान्समीटरमधून ५ वॉटपेक्षा अधिक शक्ती बाहेर पडू द्यायची नाही, बोलून संभाषण करताना १० वॉटच्या शिखरशक्तीवर थांबायचे, आणि शक्यतो यंत्र सुटे भाग सोल्डर करून स्वतःच तयार करायचे, असा हा दंडक आहे. १०० वॉटचे तयार संच बाजारात सर्रास मिळत असल्यामुळे ही मर्यादा पाळणाऱ्यावर ती कोणी लादलेली नसते, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे.

एवढ्या थोड्या शक्तीने हजारो किलोमीटरवर संदेश पोचतो यात चमत्कार शोधण्याचे कारण नाही, आणि धार्मिक चर्चेत तर तो मोह कटाक्षाने टाळला पाहिजे. १०० वॉटऐवजी ५ वॉट वापरले की शक्तीचा विसावा हिस्सा उरतो. परंतु संदेशाची तीव्रता ज्या डेसिबल मापाने मोजतात त्यात ही घट १३ डेसिबल एवढीच भरते, आणि रिसीव्हरवरील तीव्रतादर्शकाचा एक अंश ६ डेसिबलचा धरला जात असल्यामुळे ऐकणाऱ्याच्या बाजूला काटा जेमतेम दोन अंशांनी खाली येतो. मोर्स संदेश वारंवारतेच्या अतिशय अरुंद पट्ट्यात मावतो, त्यामुळे ऐकणारा अरुंद फिल्टर लावून आजूबाजूचा बराच गोंगाट वगळू शकतो. उरलेले काम आयनांबर करते: सूर्याच्या किरणांनी आयनीभवन झालेले वातावरणाचे वरचे थर लघुलहरींना वळवून पुन्हा पृथ्वीकडे पाठवतात. थोडक्यावर भागते ते असे, निसर्गनियमांमुळे.

या प्रथेला संघटित रूप देणाऱ्यांमध्ये जॉर्ज डॉब्स यांचे नाव अग्रभागी आहे. ते इंग्लंडमधील अँग्लिकन धर्मोपदेशक होते. १९७४ मध्ये त्यांनी ‘जी-क्यूआरपी क्लब’ स्थापन केला आणि त्याच्या ‘स्प्रॅट’ या नियतकालिकाचे संपादन अनेक दशके केले. जे थोडक्यात साधते ते अधिक साधनांनी करणे व्यर्थ होय, हे ऑकमच्या विल्यमच्या नावाने ओळखले जाणारे तत्त्व त्यांना विशेष प्रिय होते. हे तत्त्व आज विज्ञानात अनावश्यक गृहीतके छाटणारे तर्कसूत्र म्हणून शिकवले जाते, पण ते ज्याच्या नावाशी जोडले गेले तो चौदाव्या शतकातील तत्त्वज्ञ फ्रान्सिस्कन पंथाचा, दारिद्र्याची शपथ घेतलेला साधू होता, आणि १३२८ मध्ये आव्हिन्याँहून पळून गेल्यावर त्याने पोप बाविसावा जॉन याच्याविरुद्ध ज्या वादात लेखणी चालवली तो वाद याच शपथेचा होता. साधूला वस्तूची मालकी न घेता तिचा केवळ वापर करता येतो काय, हा त्या वादाचा गाभा. पोपने ते नाकारले, ऑकमने ते ठामपणे मांडले. हौशी रेडिओची व्यवस्था ऑकमच्या बाजूने साक्ष देते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ही सेवा आत्मशिक्षण, परस्पर संवाद आणि तांत्रिक शोध यांसाठी असून तीत आर्थिक लाभाला स्थान नाही; कोणत्याही चालकाला कोणतीही वारंवारता स्वतःची म्हणता येत नाही, तो आधी ऐकतो, ती मोकळी असल्याची खात्री करतो, वापरतो आणि सोडून देतो. मालकीशिवायचा वापर ही कल्पना कायदेपंडितांना जितकी अशक्य वाटली तितकी ती अशक्य नाही, हे येथे रोज दिसते.

भारतीय परंपरेत अपरिग्रहाचा विचार याहून वेगळ्या दिशेने जातो. पतंजलीने पाच यमांत त्याची गणना केली, पण त्याच्या स्थैर्याचे फळ म्हणून त्याने ज्ञान सांगितले आहे, आपला जन्म काय आणि कसा याचे ज्ञान. संग्रह सोडण्याचा आणि कळण्याचा संबंध काय, असा प्रश्न वाचकाला पडणे साहजिक आहे. रेडिओ जन्ममरणाचे कोडे सोडवत नाही, हे मान्य करूनही एवढे म्हणता येते की या संबंधाची एक लहानशी प्रचिती हातांनी बांधलेल्या यंत्रात येते. साध्या ट्रान्समीटरमध्ये स्फटिकाच्या कंपनाने स्थिर वारंवारता निर्माण करणारा ऑसिलेटर, ती वाढवणारा अँप्लिफायर आणि मूळ वारंवारतेच्या पटीतील नको असलेल्या लहरी अडवणारा फिल्टर एवढेच भाग असतात. जेथे शक्ती मुबलक असते तेथे अँटेनाची वाईट जोडणी किंवा चुकीची वेळ शक्तीच्या आड लपून राहते. ५ वॉटवर मात्र प्रत्येक त्रुटी उघडी पडते आणि ती का आहे हे समजून घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. शेवटचा फिल्टर तर नैतिकदृष्ट्याही लक्षणीय आहे, कारण बांधणाऱ्याला त्याचा स्वतःसाठी काहीच उपयोग नसतो. तो केवळ इतरांच्या श्रवणात अडथळा येऊ नये म्हणून बसवावा लागतो.

या साऱ्यावर एक गंभीर आक्षेप आहे. संदेश क्षीण झाला की तो समजून घेण्याचे श्रम ऐकणाऱ्यावर पडतात. बहुतेक वेळा पलीकडे मोठा अँटेना, उत्तम रिसीव्हर आणि कसलेला कान असतो, तेव्हाच अल्पशक्तीचे व्रत सिद्धीस जाते. म्हणजे एकाचा अपरिग्रह दुसऱ्याच्या संग्रहावर उभा असतो. भिक्षू आणि गृहस्थ यांच्या नात्याविषयीही हाच आक्षेप पूर्वापार घेतला गेला आहे, आणि तो खोडून काढता येत नाही. खोडून काढण्याची गरजही नाही. भिक्षेचे मोल भिक्षू स्वयंपूर्ण आहे यात नव्हते. आपण दुसऱ्याच्या देण्यावर जगतो हे तो उघडपणे मान्य करीत असे, यात होते. व्रत बिघडते ते हे अवलंबन विसरल्यावर. दर वॉटमागे हजार मैल गाठल्याबद्दल अल्पशक्तीच्या क्षेत्रात सन्मानपत्र देण्याची पद्धत आहे, तिच्यातून उमेद वाढते हे खरे, पण अल्पतेचीच मोजदाद करून ती मिरवणे हा संग्रहाचाच एक सूक्ष्म प्रकार आहे.

ज्याच्याजवळ अधिक घेण्याची ऐपतच नाही त्याच्या थोडकेपणाला व्रत म्हणणे क्रूरपणाचे ठरेल, ही मर्यादाही लक्षात ठेवली पाहिजे. या दृष्टीने हैदराबादच्या अश्हर फरहान यांचे कार्य मोलाचे आहे. २००३ च्या सुमारास त्यांनी ‘बीआयटीएक्स’ हा अल्पशक्तीचा संच रचला आणि त्याची रचना सर्वांसाठी खुली ठेवली. त्यात तेच अँप्लिफायर संदेश पाठवताना एका दिशेने आणि ऐकताना उलट दिशेने काम करतात, त्यामुळे भाग कमी लागतात, आणि कॉइल गुंडाळण्यासाठी महाग आयात कड्यांच्या जागी नळाचे वॉशर चालतील अशी सोय त्यांनी केली. आयात संच न परवडणाऱ्या अनेकांना त्यामुळे हा मार्ग मोकळा झाला. येथे साधेपणा दुसऱ्याच्या उपयोगी पडला, आणि अपरिग्रहाचे दानात रूपांतर होणे हीच त्याच्या खरेपणाची सर्वांत भक्कम खूण मानावी लागेल.

प्रयत्न आणि कृपा यांचा प्रश्न मग उरतो. श्रीवैष्णवांच्या वडकलै शाखेने जीवाला आईला घट्ट बिलगणाऱ्या माकडाच्या पिलाची उपमा दिली, तर तेन्कलै शाखेने मांजरीने तोंडात धरून नेलेल्या पिलाची. अल्पशक्तीच्या चालकाला दोन्ही बाजू ठाऊक असतात: यंत्र नीट बांधणे, अँटेना उंच ताणणे आणि योग्य घटका निवडणे त्याच्या हाती असते, सूर्यावरील डागांचे सुमारे अकरा वर्षांचे चक्र, त्या रात्रीचे आयनांबर आणि पलीकडच्या अनोळखी माणसाची थांबून ऐकण्याची तयारी त्याच्या हाती नसते. शेवटच्या गोष्टीबाबत मात्र त्याला काही करता येते, कारण दुसऱ्या कोणासाठी तो स्वतःच पलीकडचा माणूस असतो. म्हणूनच १४.०६० मेगाहर्ट्झसारख्या काही वारंवारता प्रथेने अल्पशक्तीच्या चालकांसाठी राखल्या गेल्या आहेत, आणि तेथे येणाऱ्याने स्वतःची हाक देण्याआधी गोंगाटाखाली कोणी आधीच हाक देत आहे का, हे पुरेसा वेळ देऊन ऐकावे अशी अपेक्षा असते.