बरे होणे आणि बरे राहणे

आजाराकडे पाहण्याची आपली एक ठरलेली रीत आहे. माणूस आजारी पडतो, उपचार होतात, आणि मग तो बरा होतो किंवा देवाघरी जातो. आपल्या प्रार्थनाही बहुधा या दोन टोकांसाठीच असतात. परंतु काही आजार माणसाला नेत नाहीत आणि सोडतही नाहीत. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा दीर्घकालीन व तसा दुर्मीळ कर्करोग त्यांपैकी एक. त्याच्या निमित्ताने एक प्रश्न वाचकांपुढे ठेवावासा वाटतो : ज्याची गरज बहुधा आयुष्यभर संपणार नाही, त्याचे आपण काय देणे लागतो?

प्रथम आजार समजून घेऊ. अस्थिमज्जेतील एका पेशीत नऊ आणि बावीस क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलले जातात. त्यातून एक सदोष प्रथिन तयार होते आणि पांढऱ्या पेशी बेसुमार वाढू लागतात. हा दोष आईवडिलांकडून येत नाही, स्पर्शाने पसरत नाही. ते बदललेले गुणसूत्र नोवेल आणि हंगरफर्ड या संशोधकांनी फिलाडेल्फिया शहरात १९६० साली नोंदवले. २००१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेली इमॅटिनिब ही गोळी नेमके तेच प्रथिन रोखते. पूर्वी हे निदान म्हणजे काही वर्षांची मुदत असे. आज नियमित उपचार घेणारे बहुसंख्य रुग्ण जवळजवळ सर्वसाधारण आयुष्य जगतात.

खरी कसोटी ‘नियमित’ या शब्दात आहे. लंडनमधील ८७ रुग्णांचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. गोळ्यांचा दहावा हिस्सा किंवा त्याहून अधिक चुकवणाऱ्यांत आजार पुरेसा आटोक्यात येण्याचे प्रमाण फारच कमी आढळले. महिन्याला तीन गोळ्या, एवढाच तो हिस्सा! मोहही सोपा आहे. डोळ्यांभोवतीची सूज, पायांत येणारे गोळे, मळमळ हे गोळीचे त्रास जाणवतात. दबलेला आजार जाणवत नाही. काहींना पुढे डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी थांबवता येते, पण त्यांतल्या जवळपास निम्म्यांना ती पुन्हा सुरू करावी लागते. रानातला मान्ना, शब्बाथाचा अपवाद सोडता, उद्यासाठी साठवता येत नसे. या निष्ठेचेही तसेच आहे. ती रोज नव्याने गोळा करावी लागते.

पण निष्ठा एकट्या रुग्णाकडेच का मागावी? भिवंडीत यंत्रमागावर काम करणाऱ्याची मजुरी कापडाच्या मीटरवर ठरते. तपासणीसाठी ठाणे किंवा कल्याण गाठून लोकलने परळच्या टाटा रुग्णालयात जायचे, म्हणजे त्या दिवसाची कमाई बुडाली. शिवाय गोळीची किंमत. नोव्हार्टिस कंपनीची ग्लिवेक महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपयांना पडे. भारतीय कंपन्यांची तीच गोळी ८ ते १० हजारांना मिळे. कंपनीने पेटंट मागितले, तेव्हा मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने त्यास हरकत घेतली. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे अपील फेटाळले. ज्ञात औषधाच्या नव्या रूपाने गुण वाढल्याचे सिद्ध झाले नाही, तर त्यावर पेटंट मिळत नाही, असा आपला कायदा आहे.

कंपनीची बाजू अगदीच पोकळ नव्हती. संशोधनाला पैसा लागतो. शिवाय ती अनेक रुग्णांना गोळी मोफत देत होती. मग रुग्णांची संस्था का भांडली? कारण दान कितीही उदार असले, तरी ते देणाऱ्याच्या इच्छेवर टिकते. एकदाची गरज दानाने भागते. आयुष्यभराच्या गरजेला न्यायाचा आधार लागतो. आपल्या वाट्याचे आपल्याला मिळेल, ही खात्री लागते.

हाच निकष आपल्या धर्मग्रामालाही लागू होतो. कोणाच्या शस्त्रक्रियेसाठी आपण हात सैल सोडतो आणि वर्गणी जमते. ज्याचा आजार दिसत नाही आणि संपत नाही, त्याची आठवण चौथ्या महिन्याला कोणाला राहते? ‘आता तर बरा दिसतोस’ असे म्हणून आपण मोकळे होतो. मुलीच्या लग्नाच्या बोलण्यांत अडथळा नको म्हणून काही घरे हा आजार लपवतात. लपवलेली गोळी चुकण्याची शक्यता अधिक. तेव्हा अशा घराला कुजबुजीपासून वाचवणे, तपासणीच्या दिवशी मागावर बदली उभे राहणे, औषधाच्या खर्चातला ठरलेला वाटा दरमहा न मागता पोचवणे, ही कामे मोठी नाहीत. ती करताना उपकाराची भाषा मात्र नसावी. आपण फक्त आपले देणे फेडत असतो, आणि पुढच्या महिन्यात ते पुन्हा फेडायचे असते.