तराजूचा पासंग

सज्जनहो, स्वस्त काय आणि महाग काय हा प्रश्न बाजाराचा. टाळ-वीणा घेऊन उभे राहणाऱ्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. आम्हीही गेल्या वर्षापर्यंत तसेच म्हणत होतो. पण गेल्या ज्येष्ठात अशी एक गोष्ट घडली की, ज्याला आम्ही वाण्याचा प्रश्न समजत होतो तो आमच्याच पदरी धर्माचा प्रश्न होऊन बसला. ती गोष्ट आज उघडपणे सांगावी, असे मनात आहे.

जुन्या दुकानदारांना 'पासंग' हा शब्द ठाऊक आहे. तराजूची दोन्ही पारडी रिकामी असतानाच एक पारडे किंचित खाली जाते. तो जो फरक, त्याला पासंग म्हणतात. शहाणा दुकानदार हलक्या बाजूला खडा नाहीतर चिंचोका बांधतो, काटा मध्यावर आणतो आणि मगच वजन घालतो. पासंग न काढता तोलले, तर वजने खरी, माल खरा, हातही खरा, आणि तरी माप खोटे! आता तराजू विजेचे झाले. पण पासंग गेला असे मात्र समजू नये. तो कुठे जाऊन बसला, तेच सांगावयाचे आहे.

आमच्या दिंडीत सव्वाशे माणसे. आळंदीहून पंढरीपर्यंतचा शिधा आधी भरावा लागतो. भिशीचे पैसे प्रत्येकाने पोटाला चिमटा घेऊन दिलेले. कोणी शेळी विकून, कोणी रोजगाराचे चार पैसे बाजूला ठेवून. बारा वर्षे ही खरेदी आमच्याकडे होती, आणि बारा वर्षे आम्ही ती गावातल्या शेटजींच्या दुकानातून करीत आलो. गेल्या वर्षी दिंडीतला एक तरुण हिशेबनीस म्हणाला, "महाराज, तालुक्याला ते मोठं दुकान झालंय. एकदा भाव तर बघू."

मोठ्या दुकानात माल स्वस्त मिळतो हे खोटे नव्हे, आणि स्वस्त देणारा प्रत्येक जण लबाड असतो असेही नव्हे. मुंबईत २००२ साली पहिले दुकान उघडलेल्या डी-मार्टचे उदाहरण व्यापारी मंडळी देतात. जागा शक्यतो स्वतःच्या, माल एकगठ्ठा खरेदी केलेला, पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते, दुकानात थाटमाट कमी. मग भाव उतरतो, त्यात नवल ते काय? आमच्या तालुक्याचे दुकान निराळ्याच कंपनीचे. त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही.

तर आम्ही गेलो. भाव पाहिले. शेटजींकडे तेलाचा डबा २,२५० रुपयांना, इथे २,१००. चार डब्यांमागे ६०० रुपये वाचले. साखर शेटजींकडे ४५ रुपये किलो, इथे ४२. क्विंटलमागे ३०० वाचले. पोहे, रवा, चहा, गूळ धरून एकंदर १,८४० रुपयांचा फायदा दिसला. हिशेबनीस हरखला. गल्ल्यावर आलो तेव्हा माल भरायला पिशव्या हव्यात म्हणाले. तीस पिशव्या, बारा रुपयांप्रमाणे ३६० रुपये. आत येताना हे कोणी सांगितले नव्हते. टेम्पोचे भाडे ९०० झाले. आणि गावी आल्यावर दिंडीच्या आचाऱ्याने तेलाचा डबा उचलून पाहिला व म्हणाला, "महाराज, डबा हलका लागतोय."

वाचून पाहिले, तर तो डबा पंधरा लिटरचा होता. शेटजींचा असतो पंधरा किलोचा. तेल पाण्याहून हलके. लिटरभर तेल सुमारे ९१० ग्रॅम भरते. म्हणजे पंधरा लिटरचे झाले १३ किलो ६५० ग्रॅम. चार डब्यांत ५ किलो ४०० ग्रॅम तेल कमी आले. शेटजींच्या भावाने ८१० रुपयांचे. आता बेरीज करा. पिशव्या ३६०, टेम्पो ९००, तेल ८१०; झाले २,०७०. वाचले होते १,८४०. म्हणजे स्वस्ताईच्या नादात भिशीचे २३० रुपये उलट गेले!

आम्हांला काय आयता दृष्टांतच मिळाला! त्याच रात्री गावच्या कीर्तनात आम्ही मोठ्या दुकानाच्या मोहावर असे तासले की, श्रोते हसून हसून लोळले. हिशेबनीस मृदंगामागे खाली मान घालून बसला होता. त्या वेळी आम्हांला त्याचे काही वाटले नाही. पुढे वाटायचे होते.

पण आधी शास्त्र काय म्हणते ते पाहू. न्यायशास्त्रात 'छल' नावाचा एक पदार्थ सांगितला आहे. पाठशाळेत तो आम्ही वादविवादापुरता घोकला. तो दुकानाच्या पाटीवरही लिहिलेला असतो हे साठी उलटल्यावर कळले. छल तीन प्रकारचा.

पहिला वाक्छल. शब्दाला दोन अर्थ असावेत, बोलणाऱ्याने एक धरावा, ऐकणाऱ्याच्या गळी दुसरा उतरावा. 'नवकंबल' म्हणजे नवी घोंगडी असलेला की नऊ घोंगड्या असलेला, हे त्याचे जुने उदाहरण. आमचा 'डबा' हे त्याचे नवे उदाहरण. डबा दोघांचाही पंधराचाच. एकाचा किलोचा, एकाचा लिटरचा! तसेच 'पन्नास टक्क्यांपर्यंत सूट' यातले पन्नास हत्तीएवढे आणि 'पर्यंत' मुंगीएवढे.

दुसरा सामान्यछल. एखाद्या ठिकाणी संभवते ते सर्वत्र आहेच असे धरून चालणे. दाराशी साखर स्वस्त लावावी. माणसाने समजावे की दुकानच स्वस्त. साखरेत तीन रुपये वाचवून तो आत जातो आणि जे घ्यायचे मनातही नव्हते त्यात तीनशे देऊन येतो.

तिसरा उपचारछल. जे केवळ उपचाराने म्हटलेले, ते मुख्यार्थाने घेणे. पुडक्यावरचा छापील भाव ही कमाल मर्यादा आहे. सर्व करांसह याच्या वर घेऊ नये, एवढाच तिचा अर्थ. तिला 'किंमत' म्हणावयाचे ते उपचाराने. पण दुकानदार तिच्यावर काट मारतो, खाली कमी आकडा लिहितो, आणि आपण घरी येऊन सांगतो की, "चाळीस रुपये वाचले!" अहो, जी रक्कम कोणी मागतच नव्हते ती वाचली कशी?

हे छल ओळखणारे राज्यकर्ते पूर्वी होते आणि आजही आहेत. कौटिल्याने अर्थशास्त्रात खोट्या वजनमापांना दंड सांगितला, आणि व्यापाऱ्याचा नफा स्वदेशी मालावर शेकडा पाच व परदेशी मालावर शेकडा दहा असा बांधून दिला. आजच्या नियमांनी बंद पुडक्यावर दर ग्रॅमचा, किलोचा, मिलिलिटरचा नाहीतर लिटरचा भाव छापावयाचा आहे, म्हणजे लहान-मोठ्या पुडक्यांची तुलना करता यावी. गिऱ्हाइकाला आगाऊ न सांगता गल्ल्यावर पिशवीचे पैसे लावणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये ठरविले. मोबाइलवरून माल मागविताना आधी एक किंमत दाखवावी आणि शेवटच्या पायरीवर हाताळणीचे शुल्क, घरपोचीचे शुल्क असे थेंबाथेंबाने वाढवीत न्यावे. न मागितलेली वस्तू हळूच टोपलीत सारावी. 'आता दोनच उरले' अशी खोटी घाई करावी. अशा तेरा फसव्या रीतींची यादी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी प्रसिद्ध करून त्यांना मनाई केली. हे चांगलेच झाले. पण कायदा छापायला लावील. वाचायला कोण लावणार? आमच्या त्या डब्यावर बारीक अक्षरांत वजनही छापलेले होते. आम्हीच वाचले नाही.

असो. आता गोष्टीचा उत्तरार्ध.

कीर्तनाच्या दुसऱ्या दिवशी उरलेली डाळ आणण्यासाठी आम्ही शेटजींकडे गेलो. हिशेबनीस बरोबर होता. नेहमीप्रमाणे शेटजींनी "या महाराज" म्हणून गादीवर बसविले, चहा मागविला. आम्ही मोठ्या प्रौढीने तेलाची हकीकत सांगितली. शेटजी हसले. तेवढ्यात हिशेबनीसाने हळूच विचारले, "शेटजी, हा भाव उधारीचा की रोखीचा?"

शेटजी क्षणभर थांबले. मग म्हणाले, "उधारीचा. पीक आल्यावर देणारं गाव आहे आमचं; तेवढं धरावंच लागतं."

"आणि रोख दिले तर?"

"शेकडा दोन कमी करीन."

आम्ही म्हणालो, "शेटजी, दिंडीचे पैसे तर दर वर्षी रोखच असतात!"

त्यावर ते साधेपणाने म्हणाले, "महाराज, आपण कधी विचारलंच नाहीत."

सज्जनहो, त्या चहाचा घोट घशाखाली उतरेना. चाळीस-पंचेचाळीस हजारांची खरेदी, शेकडा दोन म्हणजे वर्षाला आठशे-नऊशे रुपये, आणि अशी बारा वर्षे! मोठ्या दुकानाने एका दिवसात दिंडीचे २३० रुपये नेले, त्यावर आम्ही तासभर बोललो. आमच्या न विचारण्याने किती गेले, त्यावर कोण बोलणार? आणि आम्ही का विचारले नाही? शेटजी गादीवर बसवीत होते म्हणून. आमच्या कीर्तनाला नारळ-हार देत होते म्हणून. तुलना करायला आम्ही बसलो खरे, पण तराजू आधीच एका बाजूला कललेला होता. हाच तो पासंग. तो दुकानाच्या तराजूत नव्हता, आमच्या मनात होता.

येथे तुलाधाराची आठवण होते. महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाच्या तपस्व्याची कथा आहे. तो इतका निश्चल उभा राहिला की, पाखरांनी त्याच्या जटेत घरटे केले, अंडी घातली, पिले उडून गेली. त्याला वाटले, धर्म साधला. तोच वाणी झाली की, वाराणसीच्या तुलाधाराची तुला सर भरत नाही. जाजली गेला, तर हा तुलाधार कोण? मुळ्या-औषधी, सुगंधी द्रव्ये विकणारा साधा वाणी! त्याचे तप एवढेच की, त्याचा तराजू सर्वांना सारखा. लोभ नाही, द्वेष नाही. आपला नाही, परका नाही. आम्ही ही कथा पुष्कळदा लावली. दुकानदाराने कसे वागावे यासाठी लावली. गिऱ्हाइकाच्या हातातही एक तराजू असतो, हे त्या दिवशी ध्यानी आले.

आता एक पूर्वपक्ष येईल. कोणी म्हणेल, "गावच्या दुकानदाराला दोन पैसे जास्त गेले तर बिघडले कुठे? दुष्काळात तोच उधार देतो. मोठे दुकान देईल काय?" प्रश्न योग्य आहे. ज्या गावात शेवटचे किराणा दुकान मिटते, त्या गावातल्या म्हातारीला काडेपेटीसाठीही तालुका गाठावा लागतो. ही किंमत कोणत्याही पावतीवर लिहिलेली नसते. म्हणून स्वतःच्या पैशाने शेजाऱ्याकडून जाणूनबुजून थोडे महाग घेणे हा दोष नव्हे, तो एक प्रकारचा दानधर्मच आहे. पण दुसऱ्याच्या पैशाने?

याचे उत्तर तुकोबारायांच्या चरित्रात आहे. त्यांच्या घरी महाजनकी, दुकानदारी, सावकारी. विरक्ती आल्यावर त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली, एवढेच आपण सांगतो. पण परंपरा आणखी एक गोष्ट सांगते. खतांचे दोन वाटे झाले. धाकटा भाऊ कान्होबा यांचा वाटा त्यांच्या हवाली केला, आणि बुडविला तो केवळ स्वतःचा. येवढे मोठे वैराग्य. पण भावाच्या एका कागदालाही हात लावला नाही! आपल्या वाट्याचे उदार व्हावे. दुसऱ्याच्या वाट्याचे व्हावयाचे असेल तर आधी त्याला विचारावे. शेळी विकून भिशी भरणाऱ्याला आम्ही बारा वर्षांत विचारले नव्हते.

म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही दिंडीपुढे उभे राहिलो. तो सगळा जमाखर्च वाचून दाखविला. कीर्तनात ज्याची थट्टा केली त्या मुलाची सर्वांसमक्ष क्षमा मागितली. तो बिचारा "माउली, राहू द्या" म्हणत पायाच पडला. मग दिंडीनेच यंदासाठी निर्णय केला. तेल-डाळ शेटजींकडून, रोखीच्या भावाने व पावती घेऊन. साखर, चहा, पोहे मोठ्या दुकानातून. पण पोती आपली न्यायची, आणि राहुट्या आणायला टेम्पो तालुक्याला जातोच, त्यातच माल घालायचा. असे केल्याने दुकानातले १,२४० रुपये खरोखरीच वाचतात, दिसण्यापुरते नव्हे. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून, किराणा एकत्र घेऊन सभासदांच्या गटागटांतून वाटण्याचा परिपाठ चालविला, त्याचेही मर्म हेच: दहा जणांच्या डोळ्यांखाली हिशेब आला की, पासंगाला जागा उरत नाही.

तात्पर्य सांगून पुरे करतो. बाजारात जाल तेव्हा डबा डब्याशी तोलू नका, किलो किलोशी तोला. पाटी वाचा, तसा 'पर्यंत'ही वाचा. येण्याजाण्याचे, पिशवीचे, घरपोचीचे मिळवा. मोफत घरपोचीसाठी नको ती वस्तू घेतली असेल, तर तिची किंमत घरपोचीतच धरा. ओळखीच्या दुकानदाराला रोखीचा भाव विचारायला लाजू नका. विचारल्याने प्रेम कमी होत नाही, शेटजींचे आणि आमचे झालेले नाही. आणि हे सर्व करण्याआधी, पारडी रिकामी असतानाच, एकदा काट्याकडे पाहा. तो स्वस्ताईच्या हावेने कललेला आहे, की आपल्या मानमरातबाने?

यंदाही शेटजींनी चहा पाजला. आम्ही घेतला. पण आधी पावती घेतली. रामकृष्णहरि.