बॉथीतलं सरपण

एक तरुण होता. त्याला डोंगर चढायला फार आवडायचं, आणि तेही एकट्यानं. सोबत कुणी असलं की त्याला चाल मंदावल्यासारखी वाटायची. वाट विचारायचा त्याला कमीपणा वाटे. आपलं ओझं आपण वाहावं, कुणाचं देणं ठेवू नये, असं तो म्हणायचा आणि तसाच वागायचा.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी तो स्कॉटलंडमधल्या कोरूर स्टेशनवर उतरला. हे स्टेशन ४०८ मीटर उंचीवर आहे आणि तिथवर मोटारीचा सार्वजनिक रस्ता जात नाही. गाडी निघून गेली. मागे राहिला वारा, आणि दक्षिणेला पसरलेला रॅनॉक मूर हा दलदलीचा माळ. झाड नाही, घर नाही. हेदरची खुरटी झुडपं, काळ्या पाण्याची डबकी आणि पायाखाली पीट. हजारो वर्षं शेवाळ अर्धवट कुजून साचलेली ती काळी, ओली माती वरून घट्ट दिसते आणि पाय ठेवला की गिळते.

त्याच गाडीतून एक म्हातारा उतरला होता. त्याचं आयुष्य या टेकड्यांवर हरणं राखण्यात गेलं होतं.

“कुठून जाणार, पोरा? परत कधी येणार?” त्यानं विचारलं.

“समोरचा डोंगर चढून पलीकडे उतरेन. संध्याकाळच्या गाडीला येईन.”

“कुठल्या अंगानं उतरणार, तेवढं कागदावर लिहून दे.”

“कशाला, आजोबा? नकाशा आहे, होकायंत्र आहे.”

म्हातारा थोडा वेळ रुळांकडे बघत राहिला. मग म्हणाला, “हा रेल्वेमार्ग बांधण्याआधी, १८८९च्या जानेवारीत, सात जाणती माणसं हा मूर चालून बघायला निघाली होती. रात्र झाली, पावसानं झोडपलं, एकेक जण गळाला. मेंढपाळांनी शोधून आणलं म्हणून वाचली. मग रूळ टाकायची वेळ आली, तर भराव घालावा तो दलदल गिळून टाकी. शेवटी झाडांची मुळं आणि फांद्यांच्या मोळ्या अंथरल्या, त्यावर माती आणि राख टाकली, आणि १८९४ साली गाडी सुरू झाली. तू त्या मोळ्यांवरूनच आलास.” जाता जाता तो म्हणाला, “डोंगरापलीकडे एक बॉथी आहे, वाटसरूंच्या आसऱ्याची दगडी खोली. दाराला कुलूप नसतं.”

“मला लागायची नाही,” तरुण म्हणाला आणि चालू लागला.

चढ सोपा नव्हता, पण तो वेळेत माथ्यावर पोहोचला. तिथे ढग खाली आले. स्वतःचे बूटसुद्धा धूसर दिसू लागले. होकायंत्राची सुई दिशा दाखवत होती, पण त्या दिशेनं सरळ जाता येत नव्हतं. पीटच्या पुरुषभर खोल घळी आडव्या येत होत्या. एकीत उतरावं, दुसऱ्या काठाला नखं रोवून चढावं, की पुढे तिसरी. धुक्यात कुठेतरी माजावर आलेले हरणांचे नर डरकत होते. आवाज कुठून येतो ते कळत नव्हतं.

एकदा तो मांडीपर्यंत रुतला. पाय सुटला, पण अंग भिजलं. पाऊस सुरू झाला, अंधार पडला, आणि गाडीची वेळ टळून गेली. बोटं इतकी बधिर झाली की पाठपिशवीचा पट्टाही सुटेना. मग तो नुसता उतारानं वाहणाऱ्या पाण्याचा आवाज धरून चालत राहिला, आणि त्याचा हात दगडी भिंतीला लागला.

दार ढकलताच उघडलं. आत चूल होती, शेजारी सुकी लाकडं, अर्धी गोणी कोळसा, आणि पत्र्याच्या डब्यात मेणबत्ती व काड्यापेटी. त्यानं थरथरत्या हातांनी जाळ केला. तासाभरानं बोटांत कळ उठली. बोटं वाचली होती.

ऊब आली तेव्हा त्याच्या मनात आलं: दिवसभरात आपण एकही झाड पाहिलं नाही. मग हे सरपण आलं कुठून? कुणीतरी ते पाठीवर घालून, याच चिखलातून, घळी चढत-उतरत आणलं होतं. वाटसरूंच्या वहीत कितीतरी नावं होती. लाकडं कुणी आणली, हे कुणीच लिहिलं नव्हतं.

सकाळी त्यानं राख काढली, खोली झाडली आणि तो स्टेशनवर परतला. म्हातारा फलाटावरच होता. आदल्या संध्याकाळी गाडीच्या वेळीही तो येऊन बघून गेला होता.

“आजोबा, तो कोळसा कुणाचा? मला पैसे द्यायचेत.”

“ज्यानं आणला, त्यालाही कधीतरी तिथे आयता जाळ मिळाला होता. तू कुणाला देणार?”

तरुणाकडे उत्तर नव्हतं.

एकट्यानं चालण्यात काही वावगं नाही. मूरची ओढ असलेल्याला ते सुख कळतं, आणि ते सोडावं असं कुणी सांगू नये. पण एकट्याच्या वाटेखालीही कुणीकुणी मोळ्या अंथरून ठेवलेल्या असतात. ती माणसं आधीच येऊन गेलेली असतात, म्हणून दिसत नाहीत. त्यांचं देणं त्यांना फेडता येत नाही, ते मागून येणाऱ्यालाच द्यावं लागतं.

काही आठवड्यांनी तो तरुण पुन्हा कोरूरला उतरला. या वेळी त्यानं वाट आणि परतीची वेळ कागदावर लिहून म्हाताऱ्याच्या हाती दिली. फलाटावर कोळशाची भरलेली गोणी होती. तो तिच्यापुढे पाठ करून बसला आणि म्हणाला, “आजोबा, जरा हात लावता?”