दप्तरातलं नाव, राबत्यातलं नाव

कुठल्याही गडाचा विषय निघाला की ‘त्याचं मूळ नाव वेगळंच होतं बरं का’ असं ऐकवणारा कुणीतरी भेटतोच. सर्वांत जुनं तेच खरं आणि नंतरची सगळी लादलेली, असं हा मूळवादी धरून चालतो. त्याने रोमच्या कॅपिटोलिन टेकडीचं मूळ शोधून दाखवावं. ज्युपिटरच्या देवळाचा पाया खणताना माणसाचं मुंडकं निघालं, रोम जगाचं शिर होणार असा त्याचा अर्थ लावला गेला, आणि शिराला लॅटिनमध्ये ‘कापुत’ म्हणतात म्हणून हे नाव, अशी कथा रोमन लेखक सांगतात. जग जिंकून झाल्यावरच असली मुंडकी सापडतात, हे सोडून देऊ. पण त्यांच्यातल्याच व्हारोच्या म्हणण्याप्रमाणे ही टेकडी आधी तार्पेया नावाच्या स्त्रीची आणि त्याही आधी सॅटर्न देवाची होती. गंमत म्हणजे नव्या नावाने जुन्यांना हुसकावलं नाही. वर ज्युपिटरचं कॅपिटोल, गुन्हेगारांना लोटून देण्याचा कडा तार्पेयाचा, आणि पायथ्याच्या सॅटर्नच्या देवळात सरकारी खजिना. ज्या नावाला काम उरलं, ते टिकलं.

पेणजवळच्या सांकशी किल्ल्याचंही असंच. सांक राजाने तो बांधला आणि त्याच्या जगमाता नावाच्या मुलीने कड्यावरून उडी घेतली, ही तिथली कथा. दर्ग्यामुळे त्याच किल्ल्याला बद्रुद्दीनही म्हणतात. सांक राजाचं राज्य कुठे उरलं आहे? बद्रुद्दीन या नावामागेही कुठला फौजफाटा नाही. तरी दोन्ही चालतात. म्हणून नावांचे दोन प्रकार करणं सोयीचं वाटतं: सत्तेने दिलेलं दप्तरातलं आणि लोकांच्या तोंडचं राबत्यातलं. पहिलं उपरं, दुसरं अस्सल.

पण ही वाटणी रायगडावर मोडते. १६५६ साली शिवाजी महाराजांनी रायरी घेतली आणि तिचा रायगड केला. म्हणजे हे नाव सत्तेनेच दिलेलं. १६८९ मध्ये गड मोगलांकडे गेला आणि त्यांनी त्याचा इस्लामगड केला, तेही सत्तेनेच. एक रुजलं, दुसरं गेलं. मूळवाद्याला विचारलं तर रायरीच परत आणायला हवी, पण तसं म्हणायला तो धजणार नाही. यावर कुणी म्हणेल, १७३३ मध्ये गड मराठ्यांकडे परत आला, म्हणजे शेवटी जिंकणाऱ्याचंच नाव उरलं. तसं असतं तर १८१८ नंतर मराठी सत्तेबरोबर रायगडही पुसला गेला असता. उलट, १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं आणि महाड तालुक्यातल्या त्या डोंगराचं नाव पेण आणि रोह्याच्या पत्त्यांवर आलं. तेव्हा गडावर ना राजा होता ना शिबंदी. होती ती १६७४ च्या राज्याभिषेकाची आणि समाधीची ओढ.

तेव्हा अस्सल आणि उपरं हा भेद नावाच्या जन्मात नाहीच, तो पुढच्या वापरात आहे. दप्तरातलं नावही राबत्यात उतरू शकतं, आणि सर्वांत जुनं नावही नुसतं दप्तरात पडून राहू शकतं. नामांतराच्या वादात कुठलं आधीचं याचे पुरावे दोन्ही बाजू हिरिरीने गोळा करतात. ते इतिहासाच्या कामाचे आहेत, निवाड्याच्या नाहीत. त्या डोंगरावर माणसं आज कशासाठी चढतात, हे आधी पाहायला हवं. आणि सांकशीसारखी दोन कारणं असतील, तर दोन नावं राहू द्यावीत.