उत्तरायण नक्की कधी सुरू होते?

पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 रोजी झाली आणि तो दिवस संक्रांतीचा होता, असे आपल्याकडे हमखास सांगितले जाते. यातली तारीख खरी, पण संक्रांत नव्हे. त्या वर्षी ती तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. 12 जानेवारी 1863 रोजी विवेकानंदांचा जन्म झाला, तो दिवस मात्र मकरसंक्रांतीचाच होता. आज ती 14 किंवा 15 जानेवारीला येते. संक्रांत अशी पुढे सरकते, याचे कारण पृथ्वीच्या तिसऱ्या गतीत आहे. पृथ्वीचा मध्य किंचित फुगीर आहे. त्या फुगवट्यावर चंद्र आणि सूर्य यांची ओढ पडते, म्हणून तिचा अक्ष मंदावत्या भोवऱ्यासारखा डुलतो आणि सुमारे 25,800 वर्षांत एक फेरा पुरा करतो. यात चंद्राचा वाटा सूर्यापेक्षा मोठा. परिणामी ऋतूंचे वर्ष हे ताऱ्यांवरून मोजलेल्या वर्षापेक्षा सुमारे 20 मिनिटांनी लहान पडते. साधारण सत्तर वर्षांत या मिनिटांचा एक दिवस होतो. संक्रांत आपण ताऱ्यांवरून, म्हणजे निरयन पद्धतीने मोजतो; उत्तरायण ही मात्र ऋतूंच्या वर्षातली घटना आहे. दोन्ही एकत्र होती त्याला सतराशेच्या आसपास वर्षे उलटली. खरे उत्तरायण आता 21-22 डिसेंबरला सुरू होते, आणि आपण मात्र तीनेक आठवड्यांनी स्नान-दान करून उत्तरायण लागले म्हणतो.

यात धर्माचा प्रश्न कुठे आला? तो इथे आला की, संक्रांतीचे पुण्य आपण उत्तरायणाच्या नावावर सांगतो. शरशय्येवरचे भीष्म वाट पाहत होते ती सूर्य उत्तरेकडे वळण्याची. व्रताचे कारणच आकाशातली घटना असेल आणि ती घटना त्या दिवशी घडत नसेल, तर त्या दिवसाला कोणत्या आधारावर पवित्र म्हणायचे? आधार तपासणे ही अश्रद्धा नव्हे, असे माझे म्हणणे आहे, आणि त्याला साक्षी परंपरेतलाच आहे. वेदांगज्योतिषात उत्तरायणाचा आरंभ धनिष्ठा नक्षत्रापाशी सांगितला आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत स्पष्ट नोंदवले की, पूर्वीच्या शास्त्रांत तसे असेलही, आता ते मकर राशीच्या आरंभी होते. जुने वचन आणि आकाश जुळत नसेल तर काय करावे, हेही त्याने सांगितले: प्रत्यक्ष पाहून ठरवा. दूरच्या खुणेवरून सूर्याचे उगवणे-मावळणे ताडा, नाही तर शंकूची, म्हणजे सरळ रोवलेल्या काठीची, सावली मोजा. ज्या ग्रंथकाराच्या जोरावर आपण उत्तरायण मकरसंक्रांतीला बांधले, त्यानेच ती गाठ सोडण्याची रीतही देऊन ठेवली आहे.

ही रीत आजही कुणाच्याही अंगणात चालते. पुण्यात एक मीटर उंचीची काठी सरळ रोवली, तर भर माध्यान्ही तिची सावली 21-22 डिसेंबरला सुमारे 90 सेंटीमीटर भरते. ती वर्षातली सर्वांत लांब. 14 जानेवारीला तीच सावली 83 सेंटीमीटरच्या आसपास आलेली असते. म्हणजे सूर्य केव्हाच वळला आहे. यावर एक आक्षेप खरोखर निरीक्षणातून येतो: संक्रांतीपर्यंत सूर्योदय उशिराच होत जातो आणि नंतर तो लवकर होऊ लागतो, हे घड्याळच दाखवते. खरेच आहे. महाराष्ट्रात सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्याला पडतो. पण सूर्यास्तही तेव्हा रोज पुढे जात असतो. पृथ्वीचा अक्ष कललेला आणि कक्षा लंबवर्तुळ, जानेवारीच्या आरंभी ती सूर्याच्या सर्वांत जवळ, त्यामुळे वेगात. म्हणून सौर माध्यान्ह घड्याळाच्या मागे पडत जाते आणि सकाळ फसवते. सर्वांत छोटा दिवस डिसेंबरातच होऊन जातो.

दुसरा आक्षेप असा: संक्रांत म्हणजे ताऱ्यांच्या मकर राशीत सूर्याचा प्रवेश, तिचा अयनाशी संबंध नाही. असे म्हणणाऱ्याशी माझे भांडण नाही, फक्त मग त्याने उत्तरायणाचे नाव घेऊ नये. आणि हेही मान्य करावे की आणखी दोन हजार वर्षांनी ही संक्रांत फेब्रुवारीच्या मध्याला येईल. थंडीसाठी योजलेले तीळ-गूळ तेव्हा उन्हाच्या चाहुलीत वाटावे लागतील.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: रूढी शास्त्राहून बलवान, कोट्यवधी लोक एका दिवशी नदीवर जातात, म्हणूनच तो दिवस पवित्र. मग ग्रहणाला हा न्याय का लागत नाही? पंचांगात दिलेल्या वेळी ग्रहण लागले नाही, तर रूढी म्हणून त्या वेळी कुणी स्नान करत नाही. चूक पंचांगाची धरतात. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने 1520 मध्ये ‘ग्रहलाघव’ रचला, तोही जुन्या गणिताने ग्रह जागेवर सापडेनात म्हणूनच. ग्रहण सर्वांना दिसते म्हणून तिथे आकाशाचे ऐकायचे आणि अयन मोजावे लागते म्हणून तिथे सवयीचे, याला श्रद्धा म्हणणे मला पटत नाही. तो आळस आहे.

एकोणिसाव्या शतकात विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी सायन, म्हणजे ऋतूंच्या वर्षावर चालणाऱ्या, पंचांगाचा आग्रह धरला. तो लोकांनी मानला नाही. टिळक निरयनवादी, पण त्यांच्या ‘ओरायन’ या ग्रंथाचा सारा युक्तिवाद संपात (दिवस-रात्र समान होतात तो सूर्याचा बिंदू) सरकला तसे प्राचीनांनी वर्षारंभही सरकवले, यावरच उभा आहे! 1957 पासूनच्या राष्ट्रीय पंचांगाने महिने ऋतूंना बांधले आणि सण निरयनावर ठेवले. तडजोड म्हणून ती वाईट नाही. तिळगूळ जानेवारीतच वाटावा, पतंगही तेव्हाच उडवावेत. सणाचा आनंद गणितावर अवलंबून नाही. मात्र उत्तरायणाचा पुण्यकाळ म्हणून जे अर्घ्य द्यायचे, ते डिसेंबरात द्यावे. त्यासाठी नवे पंचांग काढण्याचीही गरज नाही: घरातल्या पंचांगाचे डिसेंबरचे पान उघडा, 21 किंवा 22 तारखेला ‘उत्तरायणारंभ’ बहुधा छापलेलाच सापडेल.