मोजणीही कर्मच

मी नागपुरातल्या एका बांधकाम कंपनीत बिलिंग इंजिनीअर आहे. किती घनमीटर काँक्रीट ओतलं, किती टन सळई बांधली, किती मजूर हजर होते, ते मी रोज ईआरपी या संगणक प्रणालीत भरते. महिनाअखेरीस त्यावरूनच रनिंग बिल निघतं आणि साईट नफ्यात आहे की तोट्यात, ते ठरतं. या मोजणीचं मोठं रूप आमच्या शहराने मेट्रोच्या कामात पाहिलं. महामेट्रोने ‘फाइव्ह-डी बिम’ वापरून आराखड्याच्या तीन मितींना वेळ आणि खर्च जोडला.

या मोजणीचा मला आदर आहे. हजेरीची नोंद चोख असली, तर मजुराचा रोज बुडवणं अवघड होतं. ही लहान गोष्ट नाही.

पण मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा एक गोष्ट मला सोडत नाही. स्लॅब ओतला की त्याच दिवशी घनमीटर चढतात आणि साईटचा आलेख वर जातो. खरी कसोटी त्यानंतर असते. आयएस ४५६ या मानकानुसार उष्ण, कोरड्या हवेत स्लॅब किमान १० दिवस ओला ठेवायचा. मिश्र सिमेंट असेल तर १४ दिवस. त्या पाण्याचं वेगळं बिल आमच्याकडे निघत नाही. २८व्या दिवशी काँक्रीटचे नमुना-क्यूब फोडून ताकद तपासतात, पण ते क्यूब टाकीत बुडवून ठेवलेले असतात. स्लॅबवरचं गोणपाट दुपारी ओलं होतं का, हे त्यांच्यावरून कळत नाही.

मग पाणी मारण्याचाही रकाना जोडावा, असं कुणी म्हणेल. जोडावाच. पण तोही गच्चीवर न जाता भरता येतो. तिथे प्रश्न भरणाऱ्याच्या हेतूचा येतो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर दिलेला धम्म आमच्या घरात तीन पिढ्या आहे. बुद्धांनी कर्माचं मूळ चेतनेत, म्हणजे करणाऱ्याच्या हेतूत पाहिलं. त्या कसोटीवर फक्त बांधणं नव्हे, मोजणंही कर्म ठरतं. उद्याचा स्लॅब आजच्या तारखेला दाखवणं हा मृषावाद, म्हणजे खोटं बोलणं आहे, मग तो वहीत असो की संगणकात. त्याचं फळ आलेखाला नव्हे, त्या छताखाली राहणाऱ्यांना भोगावं लागतं.

आणि ही जबाबदारी एकट्या नोंद करणाऱ्याची नाही. ओतल्याच्या दिवशीच सगळी शाबासकी वाटणाऱ्याने पाण्याचे पुढचे दिवस आधीच बिनमोलाचे ठरवलेले असतात. कोणत्या कामाला रकाना द्यायचा आणि बक्षीस कशावर, हे ठरवणंही सम्यक आजीविकेचाच भाग आहे. म्हणून स्लॅब ‘पूर्ण’ झाल्याची नोंद पाण्याचे दिवस संपल्यावरच व्हावी आणि ती गच्चीवर जाऊन पाहिलेल्या माणसाच्या नावानेच व्हावी, असा माझा आग्रह आहे. महिन्याचा आलेख त्याने खाली आला, तरी चालेल.