शी!

मराठी मुलाच्या तोंडी अगदी लवकर बसणाऱ्या शब्दांत ‘शी’ असतो. बाळाच्या विष्ठेचे नाव तेच आणि किळसेचा उद्गारही तोच. तोवर त्या बाळाला शीत हात घालण्यात काहीच वावगे वाटत नसते. मग आईचे तोंड वाकडे होते, ‘शी शी, हात नको लावू!’ असे ओरडणे कानी पडते आणि हळूहळू त्यालाही किळस येऊ लागते. हे शिकायलाच हवे, नाहीतर रोगराई ठरलेली. पण ही शिकवण मळापाशी थांबत नाही, मळ उचलणाऱ्यापर्यंत जाते. मनाशी हिशेब मांडायचा तो इथे.

डार्विनने १८७२ सालच्या भावमुद्रांवरच्या पुस्तकात एक गोष्ट प्रांजळपणे नोंदवली आहे. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, तिएरा देल फुएगोत, तो थंड टिकाऊ मांस खात होता. तिथल्या एका रहिवाशाने ते बोटाने चाचपले आणि त्याच्या मऊपणाची त्याला किळस आली. डार्विनला किळस आली ती त्या माणसाने अन्नाला बोट लावल्याची, आणि त्याचे हात काही मळलेले दिसत नव्हते, हेही त्यानेच लिहून ठेवले. म्हणजे शी हातांची नव्हतीच. ती माणसाची होती.

आपल्याकडे याचा दाखला महाडला आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. त्यानंतर सनातन्यांनी तळे ‘शुद्ध’ केले ते गोमूत्र आणि शेण घातलेल्या घागरी ओतून. शेणाला शी नाही, ओंजळीला शी!

त्या लोकांना मी हसतो, आणि ते फार सोपे आहे. घरकाम करणाऱ्या बाईंचा चहाचा कप वेगळा का, असे मला कुणी विचारले तर मी स्वच्छतेचे कारण देईन. मग पाहुण्यांचा कप वेगळा का नाही? टेबलाखालून पाकीट सरकते तेव्हा तोंडातून शी का निघत नाही? तिथे म्हणतो, ‘चालायचंच.’ घंटागाडीवरचा माणूस लिफ्टमध्ये शिरला की नाकपुड्या मात्र माझ्याही आधी निर्णय घेतात. गटारात गुदमरून कामगार मेल्याची बातमी वाचली की ‘च्च च्च’ करतो आणि पान उलटतो. जिवंतपणी शी, मेल्यावर च्च. या दोन उद्गारांपलीकडे त्या माणसाला माझ्याकडून काहीच मिळालेले नाही. हाताने मैला उचलायला लावणे कायद्याने बंद आहे, २०१३चा कायदा तसे स्पष्ट सांगतो. गटारात मरण आल्यास ३० लाख रुपये भरपाई द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. आकडा वाढवावा लागतो, कारण माणसे अजून उतरवली जातात.

गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात उपोषण केले ते भंगीकाम करू द्यावे म्हणून. ज्या कामापासून सारे पळतात ते मागून घ्यायचे आणि त्यासाठी उपाशी राहायचे! माझ्याने ते होणार नाही, हे मला ठाऊक आहे. किळस अंगात मुरली आहे, ती ठरवून जात नाही. पण ती आली तरी हात काय करतात, हे माझ्या ताब्यात आहे.

पुण्यातल्या कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेचे मागणे तर किती साधे होते! वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल टिपका द्या, म्हणजे उघडून पाहावे लागणार नाही. आपली शी आपणच झाकायची, एवढेच. तेव्हा वाचकहो, ओला-सुका वेगळा करा, फुटकी काच जाड कागदात बांधून द्या, पॅडच्या पुडीवर लाल टिपका द्या. आणि चहा द्याल तेव्हा घरातल्याच कपात द्या.